दूरस्थ नेत्रचिकित्सा आणि तक्रारीची भाषा

महासाथीच्या काळातील दूरस्थ नेत्रचिकित्सेचे मूल्यमापन बहुधा यंत्रे आणि संदेशवहन या दोन अंगांनी केले जाते. रुग्णाच्या तक्रारीची भाषा हे तिसरे अंग मात्र उपेक्षित राहते. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार कर्तव्य आहे.

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्याच दिनांकाची, दूरवैद्यक सेवेविषयीची केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. लेण्याद्रीच्या परिसरातील रुग्णास नारायणगावचे मोहन ठुसे नेत्र रुग्णालय एरवी फार दूर नाही. परंतु वाहनच नसेल तर तेवढे अंतरही दुर्लंघ्य ठरते. अशा वेळी दूरध्वनीचा आधार मोलाचा होता, हे निर्विवाद आहे.

तथापि समक्ष तपासणीत नेत्रवैद्य केवळ रुग्णाच्या शब्दांवर विसंबत नाही. स्लिट लॅम्पच्या प्रकाशात तो बुबुळ व भिंग स्वतः पाहतो, डोळ्यातील दाब मोजतो. दूरध्वनीवर मात्र रुग्णाचे वाक्य हेच तपासणीचे मुख्य साधन बनते. आता मराठीत ‘दिसत नाही’ हे वाक्य स्थिती सांगते, तर ‘दिसेनासे झाले’ हे पालट सांगते. दृष्टिपटल सुटले असता दृष्टी अकस्मात जाऊ शकते आणि उपचारास विलंब चालत नाही. मोतीबिंदूत ती बहुधा हळूहळू मंदावते. ‘दिसत नाही का?’ या प्रश्नाला ‘नाही’ एवढेच उत्तर आले, तर हा भेद लोपतो. ‘अंधारी येते’ म्हणजे घेरी की दृष्टिमांद्य, हेही संदर्भावाचून कळत नाही. ‘डोळा लाल झाला, दुखतो’ हे शब्द डोळे आलेल्याचे असतील, तसेच तीव्र काचबिंदूच्या रुग्णाचेही असतील. लेण्याद्रीच्या ब्राह्मी लेखांच्या अभ्यासकास ही अडचण परकी नाही. केवळ छायाचित्रावरून अक्षराची रेघ कोणती आणि खडकाची चीर कोणती, याचा निर्णय नेहमीच होत नाही.

याहून गंभीर मर्यादा निराळीच आहे. नेहमी आढळणारा काचबिंदू आरंभी वेदना देत नाही. कडेची दृष्टी झिजत जाते, समोरचे स्वच्छ दिसत राहते. जिथे तक्रारच नाही, तिथे शब्द नाही. आणि जिथे शब्द नाही, तिथे दूरध्वनी निरुपयोगी आहे.

उक्त तत्त्वांनी चित्र, ध्वनी आणि लेखी मजकूर या माध्यमांच्या मर्यादा नोंदविल्या आहेत व आरोग्यसेवकाच्या मध्यस्थीलाही स्थान दिले आहे. ही मध्यस्थीच, आमच्या मते, या व्यवस्थेचा कणा व्हावयास हवी. जुन्नर-आंबेगावच्या डोंगराळ गावांतील बोली जाणणारा सेवक ‘कोणता डोळा, केव्हापासून, एकाएकी की हळूहळू’ हे रुग्णाच्याच शब्दांत विचारू शकेल. मात्र चाळिशी उलटलेल्यांच्या डोळ्यांतील दाबाची तपासणी समक्षच झाली पाहिजे. तिला दूरध्वनीचा पर्याय मानणे म्हणजे तक्रारीच्या अभावालाच आरोग्य समजणे होय.