फॉन्ट बसला, अक्षर हरवले

१९९२ च्या विंडोज ३.१ वर मराठी फॉन्ट बसवताना एक ठरलेली अडचण येई. फॉन्टची फाईल डिस्कवर असे, पण 'विन.आयएनआय' फाईलच्या फॉन्ट विभागात तिची नोंद नसे. मग यादीत नाव दिसत नसे. कंट्रोल पॅनेलमधून फॉन्ट पुन्हा घातला की काम भागे. खरा दोष मात्र याहून खोल होता.

हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी आकार बसवीत. समजा, अकोटच्या शिक्षकाने नरनाळ्यावरील प्रश्न टंकला. त्यातील 'किल्ला' या शब्दात ऱ्हस्व वेलांटी आधी साठवली जाई, 'क' नंतर. म्हणजे संगणकाकडे शब्द नव्हे, त्याचे चित्र राही. अकारविल्हे यादीत तो 'क'मध्ये सापडत नसे. शिवाय कंपनीगणिक क्रमांक वेगळे. फॉन्ट बदलताच मजकुराची निरर्थक चिन्हे होत. भारतीय मानक 'इस्की' १९९१ मध्ये आले असूनही हे घडले. युनिकोडमध्ये 'क' आधी आणि वेलांटी नंतर, असा उच्चाराचाच क्रम राहतो.

शाळेत जुन्या प्रश्नपत्रिकांच्या फाईली असतील, तर आपण फॉन्टचे नाव टिपून त्या युनिकोडमध्ये आणाव्यात आणि छापील प्रतीशी ताडून पाहाव्यात. नुसता फॉन्ट जपणे पुरेसे नाही.