पुंगी, नाग आणि रागांचं कोष्टक

शिराळ्यात बसून संगीतोपचारावर बोलायचं, तर पुंगीपासूनच सुरुवात करावी लागते. नागपंचमीचं हे गाव. पुंगीच्या सुरावर नाग डोलतो, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण नागाला बाहेरचा कान नसतो. पुंगी जिकडे हलते तिकडे तो फणा वळवतो. म्हणजे परिणाम खरा, कारण मात्र आपण चुकीचं सांगितलं.

रोगाला राग जोडणारी जी कोष्टकं आज फिरतात, त्यांच्याबद्दल आमची हीच तक्रार आहे. दरबारी निद्रानाशावर, अमका राग रक्तदाबावर! आधार विचारला की शार्ङ्गदेवाचं नाव पुढे येतं. हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला पंडित. 'संगीतरत्नाकरा'च्या पहिल्या अध्यायात त्यानं गर्भाचं, शरीराचं वर्णन केलंय, हे खरं. पण कशासाठी? नाद देहातून उठतो, म्हणून आधी देह समजून घ्या, यासाठी. त्यावरून रोग आणि रागाच्या जोड्या निघत नाहीत. रागाला रस असतो, मान्य. पण रस अनुभवणारा माणूसही लागतो. एकाला शांत करणारा राग दुसऱ्याला गेलेल्या माणसाची आठवण देऊन रडवतो. गोळीचं तसं नसतं.

मग संगीतोपचार थोतांड का? मुळीच नाही. पक्षाघातानं वाचा गेलेला माणूस कधी कधी ओळखीचं गाणं शब्दांसकट म्हणतो. हे पाहूनच १९७३ च्या सुमारास अमेरिकेत, बोस्टनला, चालीवर बोलायला शिकवण्याची पद्धत बांधली गेली. कंपवातात अडखळणारी पावलं ठेक्यावर सुधारतात. टाळावर पाऊल कसं पडतं, हे वारकऱ्यांच्या मुलखात वेगळं सांगायला नको. इथं उपचारक राग वाटत बसत नाही. तो रुग्णाची आवड विचारतो, पट्टी उतरवतो, लय त्याच्या श्वासाला जुळवतो, काय सुधारलं त्याची नोंद ठेवतो.

आमच्या एका स्नेह्यांनी असंच कोष्टक वाचून रक्तदाबाची गोळी सोडली. झटका आला, वाचा गेली. आज त्यांना 'पाणी' म्हणता येत नाही. पण आम्ही शेजारी बसून अभंग धरला, की ते आमच्याबरोबर म्हणतात. संगीतानं काय होतं आणि काय होत नाही, दोन्ही आम्ही त्या एकाच घरात पाहिलं.

तेव्हा गाणं जरूर ऐका. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.