त्वचेवरील सूक्ष्मजीव आणि इसब : कारण की परिणाम?

प्रस्तुत लेखात त्वचेवरील सूक्ष्मजीवसमूह, म्हणजेच मायक्रोबायोम, आणि अॅटॉपिक डर्मटायटिस हा दीर्घकालीन इसब यांच्या संबंधाविषयीच्या संशोधनातील एका तार्किक उणिवेचा विचार केला आहे. ‘सूक्ष्मजीवांचे संतुलन बिघडले म्हणून रोग झाला, संतुलन पूर्ववत केले की रोग बरा होईल’, हे विधान अलीकडे सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते. ते तपासून पाहणे आवश्यक आहे.

निरीक्षणाविषयी दुमत नाही. इसबाच्या चट्ट्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू मोठ्या प्रमाणात आढळतो, हे लेडन व सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच नोंदविले होते. रोग उफाळतो तेव्हा जिवाणूंची विविधता घटते, असे काँग, सेग्रे प्रभृतींच्या बालरुग्णांवरील २०१२ च्या अभ्यासातून दिसले. परंतु दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय ‘असंतुलन’ हा शब्द वापरताच मूळ संतुलन कोणते, हे ठाऊक असल्याचे आपण नकळत गृहीत धरतो.

उलट दिशेचा पुरावाही दुर्लक्षिण्याजोगा नाही. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष व हा इसब यांचा संबंध २००६ मध्ये स्पष्ट झाला. म्हणजे काही रुग्णांत त्वचेची भिंतच आधी कमकुवत असते. डुपिलुमॅब हे औषध इंटरल्युकिन-४ व १३ यांचे संदेश रोखते. ते जिवाणुनाशक नव्हे. तरीही ते घेणाऱ्या रुग्णांच्या त्वचेवरील ऑरियसचे प्रमाण घटले आणि विविधता वाढली. दाह शमला आणि त्यामागोमाग जिवाणू बदलले, असा याचा सरळ अर्थ लागतो. अर्थात जिवाणू केवळ बघ्याच्या भूमिकेत आहेत, असेही म्हणता येत नाही. कोबायाशी व सहकाऱ्यांच्या २०१५ च्या प्रयोगात उंदरांना प्रतिजैविके दिल्यावर दाह कमी झाला होता. मात्र ते उंदीर जनुकीय फेरफार केलेले होते, हे विसरून चालणार नाही.

खरी कसोटी उपचाराची. रोझिओमोनास म्यूकोसा हा निरोगी त्वचेवरील जिवाणू रुग्णांच्या त्वचेवर फवारण्याचा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १० प्रौढ व ५ मुले होती. तुलनेसाठी प्लॅसिबो गट नव्हता. निष्कर्ष उत्साहवर्धक होते व त्यांचा गाजावाजाही झाला. पुढे याच जिवाणूवर आधारित एफबी-४०१ या औषधाची प्लॅसिबोशी तुलना करणारी चाचणी झाली. तिचा निकाल सप्टेंबर २०२१ मध्ये जाहीर झाला. रोगतीव्रता निम्म्याने घटलेल्या रुग्णांचे प्रमाण औषधगटात ५८ टक्के, तर प्लॅसिबो गटात ६० टक्के होते! इसब मुळातच चढउतारांचा रोग आहे. उपचाराविनाही तो काही काळ ओसरतो. तुलनागट नसलेल्या प्रयोगात हा उतार औषधाच्या खात्यावर जमा होतो.

त्याच वर्षी स्टॅफिलोकॉकस होमिनिसच्या एका प्रकाराची ५४ प्रौढांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांचा भर प्रामुख्याने सुरक्षिततेवर होता, आणि आठवडाभराच्या उपचारावरून त्यांनी रोगमुक्तीचा दावा केला नाही. हा संयम प्रशंसनीय वाटतो. ‘प्रोबायोटिक’ मलमांच्या जाहिरातींत तो दिसत नाही, आणि अशा जाहिरातींवर विसंबून एखादा रुग्ण डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड मलम परस्पर बंद करतो, तेव्हा त्याची किंमत त्याच्या त्वचेला मोजावी लागते. आपल्याकडील चर्चासत्रांतूनही २०१८ च्या निबंधाचा उल्लेख ऐकू येतो. २०२१ च्या निकालाचा मात्र मी अद्याप ऐकलेला नाही.