पाण्यातील मायसेल, निर्वातातील मायसेल : एका संज्ञेची चिकित्सा

एका भाषेतून दुसऱ्या भाषेत गेलेला शब्द आपला अर्थ बरोबर नेतोच असे नाही. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे प्रयत्नांची पराकाष्ठा. दोन्ही भाषा शिकविणाऱ्याला हा फरक वर्गात दरवर्षी सांगावा लागतो. रसायनशास्त्रातील 'मायसेल' या संज्ञेचा प्रवासही असाच तपासण्यासारखा आहे. पाण्यात जन्मलेली ही संज्ञा मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या संशोधनाने निर्वातात नेली. तिथे तिचा अर्थ तोच राहिला काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

मूळ अर्थ आधी पाहू. साबणाचे द्रावण वीज चांगली वाहून नेते. परंतु त्याचा परासरणी परिणाम अपेक्षेहून कमी पडतो. ब्रिस्टल येथील जे. डब्ल्यू. मॅकबेन यांनी १९१३ च्या सुमारास यावरून असे मांडले की, साबणाचे आयन द्रावणात एकत्र येऊन समूह बनवितात. जी. एस. हार्टली यांनी १९३६ च्या आपल्या ग्रंथात या समूहाचे गोलाकार चित्र पुढे ठेवले : जलस्नेही शीर्षे बाहेर पाण्याकडे, जलद्वेषी शेपट्या आत. सोडियम डोडेसिल सल्फेट या परिचित सरफॅक्टंटचे असे समूह २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल या संहतीपासून बनू लागतात. हीच त्याची क्रांतिक मायसेल संहती. एका मायसेलमध्ये सरासरीने साठच्या आसपास आयन असतात. ही रचना पाण्यामुळे घडते. शेपट्या पाण्यापासून दूर होतात म्हणून त्या आत जातात. पाणी हा मायसेलच्या व्याख्येचाच भाग आहे.

मास स्पेक्ट्रोमीटरचे काम नेमके पाणी काढून टाकल्यावर सुरू होते. इलेक्ट्रोस्प्रे पद्धतीत द्रावणाचे विद्युतभारित सूक्ष्म थेंब उडविले जातात, द्रावक बाष्परूपाने निघून जातो आणि उरलेले आयन निर्वातात तोलले जातात. या पद्धतीने मोठे रेणू न मोडता तोलता येऊ लागले. जॉन फेन यांना त्यासाठी २००२ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सरफॅक्टंटच्या द्रावणावर हीच पद्धत वापरली की अनेक रेणूंचे समूह स्पष्ट दिसतात. १९९५ मध्ये सिउझडाक आणि बॉथनर यांनी आपल्या निबंधाला 'वायुरूप अवस्थेतील मायसेल' या अर्थाचे शीर्षक दिले. २००७ मध्ये रॉबिन्सन यांच्या गटाने वायुरूप अवस्थेत मायसेलसदृश रचनेचा पुरावा मिळाल्याचे शीर्षकातच नोंदविले. येथे चिकित्सकाला तीन शंका उपस्थित कराव्या लागतात.

पहिली शंका संहतीची. थेंब आटत जातो तशी त्यातील संहती वाढते. लिटरमागे ४ मिलिमोलचे द्रावण घेतले, तरी थेंबाचा व्यास एक पंचमांशाने घटताच त्याचे आकारमान जवळजवळ निम्मे होते आणि संहती ८ च्या घरात पोहोचते. म्हणजे यंत्रात दिसलेला समूह मूळ द्रावणात होता, की वाटेत थेंबात तयार झाला, हे केवळ त्याच्या दर्शनाने ठरत नाही.

दुसरी शंका मोजमापाची. यंत्र वस्तुमान देत नाही. वस्तुमान आणि विद्युतभार यांचे गुणोत्तर देते. सोडियम डोडेसिल सल्फेटचे दहा रेणू आणि एक जादा सोडियम आयन, अथवा वीस रेणू आणि दोन जादा आयन, दोघांचे गुणोत्तर सुमारे २९०७ एवढेच येते. समस्थानिकांच्या शिखरांमधील अंतर अथवा आयनांची वायूतील गतिशीलता तपासली तरच दोहोंचा निवाडा होतो. ही तपासणी नसलेल्या आलेखावरून समूहातील रेणूंची संख्या सांगणे धाडसाचे ठरेल.

तिसरी शंका रचनेची आणि तीच सर्वांत गंभीर आहे. निर्वातात शेपट्यांना दूर लोटणारे पाणी नसते. उरते ते मुख्यतः भारित शीर्षे आणि विरुद्धभारी आयन यांचे आकर्षण. म्हणून शीर्षे आत आणि शेपट्या बाहेर, अशी उलटी मांडणी अधिक संभवते. पाण्यातील सोडियम डोडेसिल सल्फेटचा मायसेल ऋणभारित असतो. यंत्रात त्याच पदार्थाचे समूह जादा सोडियम घेऊन धनभारितही दिसतात. उलट्या रचनेला त्याच नावाने हाक मारणे म्हणजे उर्दूची 'शिकस्त' मराठीच्या अर्थाने वाचणे होय.

याचा अर्थ ही पद्धत निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. बारेरा, रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांचा २००८ चा 'सायन्स'मधील निबंध येथे महत्त्वाचा आहे. जीवनसत्त्व बी-१२ पेशीत नेणारे जिवाणूचे चार उपघटकांचे प्रथिन त्यांनी सरफॅक्टंटच्या आवरणासह निर्वातात नेले आणि तिथे टकरी घडवून ते आवरण दूर केले. प्रथिन अखंड राहिले. या निबंधाचा मुख्य दावा मायसेलच्या आकाराविषयी नसून त्याच्या संरक्षक कार्याविषयी आहे; आणि चार उपघटकांच्या वस्तुमानांची बेरीज जुळते की नाही, यावरून तो पडताळता येतो. तसेच दोन सरफॅक्टंटच्या मिश्र समूहात कोणाचे किती रेणू आहेत, ही मोजदाद सरासरी देणाऱ्या जुन्या पद्धतींना अवघड जाते. मास स्पेक्ट्रोमेट्रीचे ते बलस्थान आहे. घटकांची गणती तिने सांगावी. पाण्यातील घडणीची साक्ष मात्र न्यूट्रॉन विकिरण, प्रतिदीप्ती आणि विद्युतवाहकता यांच्याकडूनच घ्यावी.

महाविद्यालयीन अध्यापकाच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूत्र निघते. मास स्पेक्ट्रोमीटर बहुतेक महाविद्यालयांत नसतो. विद्युतवाहकता मापक मात्र असतो. संहती वाढवीत वाहकतेचा आलेख काढला की ८ मिलिमोलजवळ रेषा वाकते, हे विद्यार्थी स्वतः पाहू शकतो. तो बाक पाहिल्यानंतर निर्वातातील समूहाचा आलेख त्याच्यासमोर ठेवावा आणि विचारावे : येथे पाणी कुठे आहे? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा विद्यार्थी संज्ञा पाठ करणार नाही. ती कोणत्या परिस्थितीत खरी ठरते हे तो तपासून पाहील. तोपर्यंत निर्वातातील समूहाला 'समूह' म्हणावे आणि 'मायसेल' हे नाव पाण्यासाठी राखून ठेवावे, हेच सयुक्तिक होय.