फळमाशीच्या प्रकाशग्राही पेशीतील कॅल्शियमचे कार्य : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
प्रकाशाचे विद्युत-संदेशात रूपांतर कसे होते, हे शिकवताना बहुधा पृष्ठवंशीय प्राण्यांच्या दंडपेशीचे उदाहरण घेतले जाते. तेथे प्रकाश पडताच आयनवाहिन्या बंद होतात व पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण घटते. ड्रोसोफिला या फळमाशीत नेमके याच्या उलट घडते. तेथे वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत येते आणि पेशीचे विध्रुवण होते. हा फरक केवळ तपशिलाचा नसून पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढावा याच्याशीही संबंधित आहे. प्रस्तुत लेखात त्याची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रक्रियेचे स्वरूप :
माशीच्या एका प्रकाशग्राही पेशीत सुमारे ३०,००० सूक्ष्मांकुर असतात. ऱ्होडॉप्सिनने प्रकाशकण शोषला की जी-प्रथिनामार्फत फॉस्फोलायपेज-सी हे विकर कार्यान्वित होते. ते पटलातील पीआयपी-२ या मेदद्रव्याचे विघटन करते आणि 'टीआरपी' व 'टीआरपीएल' या वाहिन्या उघडतात. प्रथम आत आलेले कॅल्शियम त्याच सूक्ष्मांकुरातील उर्वरित वाहिन्या उघडण्यास साहाय्य करते. त्यानंतर वाढलेले कॅल्शियमच त्या बंद करते. त्यामुळे एका प्रकाशकणाचा प्रतिसाद काही दशक मिलिसेकंदांत आटोपतो. पेशीबाहेरील कॅल्शियम काढून घेतल्यास हाच प्रतिसाद क्षीण व लांबट होतो. प्रखर उजेडाशी होणारे अनुकूलनही प्रामुख्याने याच कॅल्शियमवर अवलंबून आहे.

चिकित्सा :
१९६९ मध्ये कोसेन्स व मॅनिंग यांनी एका उत्परिवर्तित माशीचे वर्णन केले. सतत प्रखर प्रकाश असूनही तिचा प्रतिसाद लवकरच मावळत असे. १९७५ मध्ये मिंके, वू व पाक यांनी त्यास 'ट्रान्झिएंट रिसेप्टर पोटेन्शियल', म्हणजेच टीआरपी, असे नाव दिले. १९८९ मध्ये संबंधित जनुक वेगळे करण्यात आले. त्यानंतर, आयपी-३ या रेणूमुळे पेशीतील कॅल्शियमचा साठा रिकामा होतो व म्हणून टीआरपी वाहिनी उघडते, अशी उपपत्ती पुढे आली. ती आकर्षक होती. परंतु आयपी-३ ग्राहीचे जनुक नसलेल्या पेशींतही प्रकाश-प्रतिसाद सामान्य असल्याचे २००० मध्ये दाखवण्यात आले. या संशोधनात पुढे बंगळूरु येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात कार्यरत झालेले पडिंजाट रघू यांचा सहभाग होता.

२००१ मध्ये हार्डी व सहकाऱ्यांनी मूळ निरीक्षणाचाच वेगळा अर्थ लावला. टीआरपीच्या अभावी पुरेसे कॅल्शियम आत येत नाही, त्यामुळे फॉस्फोलायपेज-सीला आवर बसत नाही आणि पीआयपी-२ संपून जाते. साठा रिकामा होत होता हे खरेच होते. मात्र तो कॅल्शियमचा नव्हता, मेदद्रव्याचा होता. निरीक्षण तेच राहिले, त्याचा अर्थ बदलण्यास सुमारे तीन दशके लागली.

दुसरा आक्षेप संज्ञांच्या शिथिल वापराविषयी आहे. कॅल्शियम प्रतिसादाचे नियमन करते, म्हणून तेच वाहिनी उघडते, असा समज विद्यार्थ्यांत सहज रुजतो. हार्डी यांनी १९९५ मध्ये बंदिस्त कॅल्शियम पेशीत मुक्त करून पाहिले. त्यामुळे चालू प्रतिसाद वाढला अथवा मंदावला; परंतु केवळ कॅल्शियममुळे वाहिन्या उघडल्या नाहीत. मग त्या कशाने उघडतात? डायअसिलग्लिसेरॉल, पीआयपी-२ ची घट व प्रोटॉन (२०१०), पटलाचे आकुंचन (२०१२) अशा उपपत्ती मांडल्या गेल्या असून अंतिम एकमत झालेले नाही.

तिसरा मुद्दा आकृत्यांचा आहे. बहुतेक आकृत्यांत कॅल्शियमचा निरोध एकाच बाणाने दर्शवलेला असतो. प्रत्यक्षात तो वाहिनी, फॉस्फोलायपेज-सी आणि सक्रिय ऱ्होडॉप्सिन अशा अनेक पातळ्यांवर चालतो. एकच बाण काढल्याने विषय सोपा होतो, पण समज अपुरी राहते.

निष्कर्ष :
२०२१ च्या वैद्यक नोबेल पारितोषिकाशी निगडित टीआरपीव्ही-१ ही उष्णतासंवेदी वाहिनी ज्या कुलातील आहे, त्या कुलाचे नाव याच माशीवरून आले. तेव्हा दंडपेशीसोबत फळमाशीचेही उदाहरण वर्गात शिकवले जावे, आणि त्यासोबत फसलेली उपपत्तीही शिकवली जावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उपपत्ती कशी तपासली जाते व कशी सोडून द्यावी लागते, हे विद्यार्थ्याला सिद्ध उत्तरांपेक्षा अशा इतिहासातून अधिक नेमके कळते.