एक-दोन सरींची शक्यता

दुर्ग-भिलाईचा आठवड्याचा हवामान अंदाज म्हणजे सात ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, किमान तापमान, कमाल तापमान आणि शेवटी आकाशाविषयी एक वाक्य. पहिल्या शिफ्टला निघताना रेनकोट घ्यायचा की नाही, पापड गच्चीवर टाकायचे की नाही, एवढं ठरवण्यापुरता तो पाहिला जातो. पण हा मजकूर सावकाश वाचावा इतका कसदार आहे. त्यातला एकही शब्द सहज आलेला नाही.

पावसाळ्यात शेवटच्या रकान्यात थोड्याफार फरकाने एकच वाक्य भेटतं: सामान्यतः ढगाळ आकाश, पावसाच्या एक-दोन सरी. ‘सामान्यतः’ हा शब्द आपण भरतीचा समजून पुढे जातो. वेधशाळेत मात्र आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती झाकलेत ते पाहतात. तीन-चार भाग झाकले की अंशतः ढगाळ, पाच ते सात झाकले की सामान्यतः ढगाळ. म्हणजे निदान एक अष्टमांश आकाश उघडं राहणार, हेही त्या शब्दात सांगून झालेलं असतं.

‘एक-दोन सरी’ तर त्याहून नेमकं. स्टील प्लांटच्या निमित्ताने विदर्भातून इथे येऊन स्थिरावलेल्या घरांना झड म्हणजे काय ते सांगावं लागत नाही: दोन-दोन दिवस उघडीप नाही, भिंतींना ओल. सर म्हणजे ते नव्हे. ती एकट्या उंच वाढलेल्या ढगातून पडते आणि तो ढग साधारण तासाभराच्या आत विरून जातो. म्हणूनच सेक्टर सहामध्ये पागोळ्या गळत असताना सुपेल्यातला रस्ता कोरडा असू शकतो. रायपूरच्या हवामान केंद्राच्या पत्रकात ‘एक-दोन ठिकाणी’ असं येतं, तेव्हा त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस होईल असा त्याचा ठरलेला अर्थ असतो. लोक याला मोघमपणा म्हणतात. मला तो सच्चेपणा वाटतो. जेवढं कळलंय तेवढंच बोलायचं, ही शिस्त फार थोड्या लिखाणात आढळते.

या वाक्यामागे ढगाची सगळी घडण आहे. कालिदासाने मेघदूताच्या सुरुवातीलाच मेघाची फोड केली आहे: धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा तो मेळ. यक्षाचा निरोप अशा निर्जीव गोष्टीने कसा पोचवावा, ही त्याची शंका. भिलाईत बसून ते वाचताना मी त्या चार नावांशीच थबकतो. तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, हा वारा. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी निवते. तिच्यातली वाफ दवबिंदूपर्यंत आली की थेंब धरू लागतात; हे पाणी. वाफेचा थेंब होताना उष्णता सुटते, तिच्या जोरावर ढग आणखी वर चढतो. तेजाचा असा अर्थ मी लावतो, कवीच्या मनात विजेचा लखलखाट असेल.

उरला धूर. वाफेला थेंब व्हायला टेकायला कण लागतो: धूळ, मीठ, काजळी. जॉन एटकेन या स्कॉटिश संशोधकाने १८८० च्या सुमारास दाखवून दिलं की गाळून घेतलेल्या स्वच्छ हवेत वाफ सोडली तर धुकं धरत नाही. १९५९ पासून ज्या गावात ब्लास्ट फर्नेस धगधगते आहे तिथे कणांची वाण कुठून असणार? मात्र कण फार झाले की तेवढंच पाणी जास्त वाटेकऱ्यांत विभागलं जातं, थेंब बारीक राहतात आणि खाली पडण्याइतके मोठे व्हायला वेळ लागतो. पावसाचा एक थेंब भरायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात.

आता तापमानाचे रकाने. घाईत वाचणारा कमाल आकडा पाहतो. खरं तर दोन आकड्यांमधलं अंतर वाचावं. मे महिन्यात ४३ आणि २८, जुलैमध्ये २९ आणि २५ अशी जोडी दिसू शकते. दिवसा ढग ऊन अडवतो, रात्री जमिनीची ऊब पांघरुणासारखी धरून ठेवतो, म्हणून आकडे जवळ येतात. त्याला दवबिंदूची जोड दिली तर ढगाचा तळही काढता येतो: तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या दर अंशाला सुमारे १२५ मीटर. जुलैच्या दुपारी ३१ तापमान, २५ दवबिंदू. तळ ७५० मीटरवर. मे महिन्यात ४३ आणि १३ असेल तर तळ पावणेचार किलोमीटरवर जातो. एवढ्या उंचीवरून निघालेली सर कोरड्या हवेत वाटेतच आटते, तिच्यामुळे गार आणि जड झालेली हवा खाली कोसळते आणि गावाच्या वाट्याला येतं ते धुळीचं अंधड आणि चार शिंतोडे.

सातव्या ओळीवर विसंबू नये म्हणतात. ती सैल असते, कारण भिलाईचा मोठा पाऊस बहुधा बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या क्षेत्रावर ठरतो. ते ओडिशाच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे सरकत इथवर येतं, आणि सातवी ओळ लिहिताना ते बहुधा तयारही झालेलं नसतं. पण एकाच तारखेची ओळ सात दिवस रोज वाचून पाहावी. आधी नुसती पावसाची शक्यता, मग एक-दोन सरी, मग समुद्रावर क्षेत्र तयार झालं की काही सरी, आणि ते जवळ आलं की तुरळक ठिकाणी मुसळधार. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या खाली तो शब्द वापरत नाहीत.