रुरकीची खुर्ची आणि अनामिक हात

फर्निचरच्या इतिहासलेखनात ‘अनामिक रचना’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. कर्ता ठाऊक नसलेल्या वस्तूविषयी तो काहीशा आदराने वापरतात. रुरकीच्या खुर्चीसंबंधी तो वाचताना आम्हांस मात्र थांबावेसे वाटते. कारण येथील अनामिकपणा केवळ काळाच्या ओघात घडलेला नाही.

रुरकी हे गंगेच्या कालव्याकाठचे लष्करी अभियंत्यांचे ठाणे. बंगाल सॅपर्सचे मुख्यालय १८५३ पासून तेथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या छावण्यांतून या गावाच्या नावाची खुर्ची प्रचारात आली. चार कातीव पाय, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि त्यांवर ताणलेले कॅनव्हास अथवा चामडे. सांध्यांत खिळा नाही, सरस नाही. दांड्याचे निमुळते टोक पायाच्या भोकात नुसते बसते. माणूस बसला की त्याच्या भारानेच सांधा आवळतो. तो मुळात किंचित सैल असल्यामुळे उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. हात ठेवण्यास लाकूड नाही, चामड्याचे पट्टे आहेत. खुर्ची उकलली की एका वळकटीत मावते. पट्टे व बकले काढून टाका, लाकडाचा सांगाडा खिळखिळा होईल. म्हणजे येथे चामडे हे आवरण नव्हे. ते रचनेचा आधारच आहे.

पुढचा प्रवास युरोपातला. ले कॉर्ब्युझिए, पिएर जान्रे व शार्लोत पेरियाँ यांच्या १९२८ च्या खुर्चीत फिरती पाठ आणि चामडी पट्ट्यांचे हात दिसतात. पण चौकट पोलादी नळ्यांची, न उकलणारी. रुरकीचे रूप आले, तिची बुद्धी मागे राहिली, असे आमचे मत आहे. डेन्मार्कच्या कोरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये केलेली ‘सफारी खुर्ची’ अधिक प्रामाणिक. त्यांनी सांधा राखला, प्रमाणे नेटकी केली. जुन्या वस्तू मोजून अभ्यासाव्यात, ही त्यांची शिकवणच होती. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तथापि क्लिंट यांचे नाव राहिले, ती खुर्ची घडविणाऱ्या कोपनहेगनच्या रासमुसेन कारखान्याचेही राहिले. रुरकीकडच्या कारागिराचे राहिले नाही.

उत्तर हिंदुस्थानात कातडे सोलणे, बाभळीच्या सालीत कमावणे व शिवणे हे काम प्रामुख्याने चमार-जाटव समाजावर जन्माने लादले गेले होते. लष्कराला चामडे हवेच होते. कानपूरला खोगीर-सामानाचा सरकारी कारखानाच होता. पट्ट्यावर हात टेकून बसणे साहेबाला शोभे. तो पट्टा कमावणारा मात्र अस्पृश्य. ज्याचा स्पर्शच नाकारला, त्याची सही कोण मागणार?

चामड्याच्या आसनाचा प्रश्न विनयपिटकातही येतो, हे वाचकांस विदित असेल. महावग्गातील चम्मक्खन्धकात एका वासराच्या कातड्यासाठी झालेल्या हत्येनंतर बुद्धांनी गोचर्माला मनाई केली. मात्र गृहस्थांकडील चर्माने मढविलेल्या आसनांवर बसण्यास भिक्खूंना अनुमती दिली, निजण्यास नाही. तेथे विचार हिंसेचा व विलासाचा आहे. कारागिराच्या विटाळाची भाषा त्या प्रकरणात कोठेही नाही, आणि आमच्या दृष्टीने हे मौन फार बोलके आहे.

या पार्श्वभूमीवर मुंबईत सुधीर राजभर यांनी उभारलेल्या ‘चमार स्टुडिओ’कडे पाहावे लागते. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला व चर्मकारांच्या धंद्यावर आघात झाला. या स्टुडिओने टाकाऊ रबराचा पुनर्वापर करून चामड्यासारखे साहित्य हाती घेतले. त्यांच्या ‘फ्लॅप’ खुर्च्या २०२४ मध्ये ‘डिझाइन मायामी’ प्रदर्शनात मांडल्या गेल्या. शिवी म्हणून वापरला गेलेला शब्द येथे निर्मात्याची मुद्रा झाला आहे, याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. परंतु मुद्रा समाजाच्या नावाची आहे; ती प्रत्येक हाताची अजून नाही. शिवाय या खुर्च्यांतून चामडे निघून गेले आहे. ते कारागिराने स्वेच्छेने सोडले, की कायद्याने त्याच्या हातून काढून घेतले, हा प्रश्न प्रदर्शनाच्या प्रेक्षकाला पडणे कठीण. समीक्षकाने तो प्रथम विचारावा.